आतून लागणारी कडी

साइट ताब्यात आली की पहिल्या आठवड्यात काय काय उभं राहतं, ते मी २७ वर्षं बघते आहे. नारळ फुटतो, आखणी होते, जेसीबी येतो. मग पहिलं बांधकाम सिमेंटच्या गोडाऊनचं. जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर उंचीवर फळ्या मांडायच्या, भिंतीपासून दोन फूट जागा सोडायची, १० गोण्यांवर थप्पी चढवायची नाही, पत्र्याच्या सांध्यातून थेंब गळता कामा नये. भारतीय मानकातच हे लिहिलेलं आहे आणि आम्ही ते मुकाट पाळतो, कारण गोव्याच्या दमट हवेत सिमेंटला गाठी धरायला वेळ लागत नाही. गोडाऊन झालं की उरलेल्या, वाकलेल्या, भोकं पडलेल्या पत्र्यांची लेबर शेड उभी राहते. तिच्यात फळ्या नसतात. माणसं जमिनीवर झोपतात आणि जून लागला की ती जमीन ओली असते.

मी सिव्हिल इंजिनियर. घर डिचोलीला, काम गोवाभर. १९९८ साली कोकण रेल्वे नुकतीच पूर्ण मार्गावर धावू लागली होती, तेव्हा म्हापशाजवळच्या एका इमारतीच्या साइटवर ज्युनियर म्हणून रुजू झाले. आई सकाळी पाण्याची बाटली भरून द्यायची आणि संध्याकाळी मी ती तशीच परत आणायचे. पाणी प्यायलं की जावं लागणार, आणि जायला जागा नव्हती. पुरुष कंपाउंडच्या भिंतीआड जात. कंत्राटदार मनाने वाईट नव्हता. मला म्हणाला, "मॅडम, शेजारच्या बंगल्यात सांगून ठेवलंय, तुम्ही तिकडे जात चला." मी जात असे, दिवसातून एकदा, संकोचाने मान खाली घालून. आठव्या महिन्यात ताप भरला, लघवीला आग होऊ लागली. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला पाणी किती पिता? मी खरं ते सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

त्या आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं की साइटवर माझ्याखेरीज ११ बायका आहेत आणि त्यांना शेजारचा बंगला नाही. त्या पहाटे ४ वाजता उठून काजूच्या झाडांमागे जाऊन येत आणि पुन्हा अंधार पडेपर्यंत जात नसत. एप्रिलच्या उन्हात, डोक्यावर घमेली वाहत, १४ तास. दुपारी पाण्याचा तांब्या फिरायचा तेव्हा त्या एक घोट घेऊन पुढे द्यायच्या. मला वाटायचं, त्यांना सवय असेल. ती कसली सवय होती, ते मला माझ्या तापाने शिकवलं.

या विषयावर बोलायला लागलं की माणसं लगेच माणुसकीवर येतात. मला आधी अंदाजपत्रकावर यायचं आहे, कारण दुखणं तिथे आहे. निविदेत प्रत्येक कामाची एक ओळ असते. खोदाई घनमीटरात, चिऱ्याची भिंत घनमीटरात, गिलावा चौरस मीटरात, लोखंड किलोत. काम झालं की ते मोजून मेजरमेंट बुकात चढतं आणि त्यावर बिल निघतं. कामगारांचे संडास, न्हाणी, प्यायचं पाणी, पोरांची शेड यांची ओळ बहुतेक निविदांत मला दिसलेली नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारात मागच्या पानांवर या सोयींचे आदर्श नियम छापलेले आहेत, सविस्तर आहेत, चांगले आहेत. पण खर्च कंत्राटदाराने आपल्या दरातूनच भागवायचा. म्हणजे संडास न बांधण्यात जे वाचतं तो त्याचा नफा. जो बांधायचं ठरवून दर भरतो, तो न बांधणाऱ्यापुढे निविदेत हरतो. चांगल्या वळणाचा कंत्राटदारही दोन-तीनदा असा हरला की शिकतो.

म्हणून मी जिथे बोलायची संधी मिळेल तिथे एकच सांगते: यासाठी वेगळी ओळ घाला. तात्पुरते संडास नग इतके, महिने इतके, दर इतका. मोजा, बुकात चढवा, बिल द्या. नसेल बांधलं तर पैसे कापा. सिमेंटच्या गोणीला जे भाग्य आहे ते माणसाला मिळायला एवढं पुरे आहे, असं मला मनापासून वाटतं.

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. इमारत व इतर बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ चा. त्यात प्यायचं पाणी, संडास, तात्पुरतं राहण्याचं ठिकाण, पाळणाघर, प्रथमोपचार यांची कलमं ओळीने होती. राहण्याची जागा फुकट द्यायची, तिला वेगळी चूल, न्हाणी, धुण्याची जागा आणि संडास हवा. पिण्याच्या पाण्याची जागा संडासापासून ६ मीटरच्या आत नको आणि तिथे कामगारांतल्या बहुसंख्यांना कळेल अशा भाषेत तसं लिहिलेलं हवं. कंत्राटी कामगारांच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांत तर मला फार आवडणारी एक गोष्ट होती. संडासाबाहेर पुरुषांसाठी, स्त्रियांसाठी अशी पाटी लावायची आणि पाटीवर पुरुषाचं किंवा स्त्रीचं चित्रही काढायचं. ते वाक्य लिहिणाऱ्याने कधीतरी साइटवर उभं राहून माणसं पाहिली असणार. अक्षरओळख नसलेली बाई त्याच्या डोळ्यांसमोर होती. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या आणि २०२५ साली लागू झालेल्या सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेत आता हे जुने कायदे एकत्र आले आहेत. कलमांचे आकडे बदलले. साइटवर मात्र अजून चित्रही नाही आणि पाटी लावायला दारही नाही.

माझी आजी सत्तरी तालुक्यातल्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागायतीत राहिली. तिच्याकडे कामाला माणसं आली की १० वाजताच्या पेजेला उशीर झालेला तिला खपत नसे. उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणच्याची फोड नाहीतर भाजलेलं खारं, म्हणजे सुकी मासळी. पेजेची वेळ ही आमच्याकडे घड्याळासारखी, कामेरी माणूस उपाशी राहता कामा नये हा घराचा धर्म. पण त्याच घरी मागच्या दारी काही माणसांना चहा करवंटीतून दिला जाई, तेही मी लहानपणी पाहिलं आहे. त्यामुळे पूर्वी सगळं कसं आपुलकीचं होतं, असं मला म्हणवत नाही. आणि आता घाटापलीकडून येणाऱ्या माणसाला आपण 'घाटी' म्हणतो. तो शब्द आपण कोणत्या आवाजात उच्चारतो ते ज्याने त्याने आठवून पाहावं. मोपाचा विमानतळ, मांडवीवरचा अटल सेतू, झुआरीचा नवा पूल हे सगळं त्यांच्या हातचं. पूल आपला आणि तो बांधणारे भायले, म्हणजे बाहेरचे, ही विभागणी मला सोसत नाही.

आता सत्तरीतल्याच एका साइटबद्दल सांगते. वाळपईच्या पुढे, डोंगराच्या कुशीत, ओहोळावर बंधारा बांधायचा होता. जवळच्या वाड्यापासून चालत अर्धा तास. माणसं ३८, त्यांत १४ बायका. बहुतेक सोलापूर-अक्कलकोटकडची, म्हणजे मराठी बोलणारी, मध्येच कानडीत शिरणारी. मी तेव्हा साइटची प्रमुख होते आणि कंत्राटदाराला अट घातली होती की पहिला खड्डा बंधाऱ्याच्या पायाचा खणायचा नाही, संडासाचा खणायचा. तो हसला, पण हो म्हणाला.

नियमात २५ माणसांमागे एक संडास धरतात. साइटवर हे गणित चालत नाही, कारण कारखान्यातल्यासारखं दिवसभर कुणी जात नाही. सगळ्यांना ८ वाजता कामावर उभं राहायचं असतं, म्हणून सगळ्यांना ६ ते ७ मध्येच जायचं असतं. म्हणून बायकांसाठी दोन, पुरुषांसाठी दोन असे चार काढले. जागा ओहोळाकडे नको होती. पावसात तिथलं भूजल वर येतं आणि खड्डा खालून भरतो. वरच्या अंगाला, कातळाच्या उतारावर जागा धरली. पण चिऱ्याचा कातळ दिसतो तेवढा घट्ट नसतो, त्याच्या भेगांतून पाणी कुठच्या कुठे जातं. म्हणून प्यायच्या पाण्याचा झरा त्याच्याही वर, दुसऱ्या बाजूला ठेवला आणि मधलं अंतर मी स्वतः टेपने मोजलं. प्रत्येक जोडीला दोन खड्डे, आतून चिऱ्याचं अस्तर, दोन चिऱ्यांमध्ये चार बोटांची फट म्हणजे पाणी मुरतं आणि मळ राहतो. एक खड्डा भरला की चेंबरमधली वाट दगडाने बंद करून दुसऱ्यात वळवायची. पाण्याचा सापळा असलेलं भांडं, एका वेळेला दोन लिटरांत स्वच्छ होणारं. चार माणसांचं पाच दिवसांचं काम. पंप आणि जेसीबीला दोन दिवसांत लागतं तेवढ्या डिझेलच्या पैशांत सगळं उरकलं.

न्हाणीची गोष्ट बायकांनीच काढली. पुरुष ओहोळात आंघोळ करत. बायका लुगड्यानिशी अंगावर पाणी घेत आणि ओल्या लुगड्यात शेडमध्ये येत. आडोसा केला, खाली चिरे बसवले, पाणी चर काढून खाली केळीच्या चार खुंटांना सोडलं. आत एक दोरी बांधली. ती दोरी कशासाठी ते पुरुषांना कळलं नाही. महिन्याची फडकी या बायका दुसऱ्या कपड्यांच्या खाली लपवून वाळवत, म्हणजे ती कधी नीट वाळतच नसत. एका दोरीने ते काम झालं.

संडास मात्र तीन दिवस तसेच पडून राहिले. पुरुष जाऊ लागले, बायका नाहीत. पहाटे त्या पूर्वीसारख्याच रानात जायच्या. वाड्यावरचे एक म्हातारे बाबा मला येऊन सांगून गेले, "बाय, काळोखात तिकडे धाडू नका त्यांना, कातळावर फुरशी असतात." मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. एवढं करून द्यावं आणि यांना किंमत नसावी! चौथ्या दिवशी त्यांच्यातली वडीलधारी, जिला सगळ्या आक्का म्हणत, तिला मी विचारलं. ती मला हाताला धरून दारापाशी घेऊन गेली.

"बाई, ह्याला कडी भाईरनं हाय बगा. आतनं कुटं हाय?"

सुताराने गोडाऊनला करतो तसाच बाहेरून कडी-कोयंडा बसवला होता. आतून काहीच नव्हतं. मी उतार तपासला होता, हवेचा पाइप तपासला होता, अंतर टेपने मोजलं होतं. मी बाई आहे, कधीकाळी याच कारणाने आजारी पडलेली बाई आहे, आणि मी ते दार एकदाही आत उभं राहून लावून पाहिलं नव्हतं. त्या दुपारी स्वतः वाळपईला गेले, बाजारातून बोटभर लांबीच्या दोन कड्या आणि स्क्रू आणले. पत्र्यात स्क्रू धरेना. मग आतून एक एक लाकडी पट्टी ठोकली आणि तिच्यावर कडी बसवली. आक्काने आत जाऊन ती तीनदा लावली, काढली. बाहेर येऊन काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दारासमोर रांग होती आणि माठातलं पाणी दुपारपर्यंत संपलं. त्या आठवड्यात एकाचे दोन माठ करावे लागले. यापेक्षा चांगला पुरावा मला माझ्या कामात दुसरा मिळालेला नाही.

पाण्याचं तर वेगळंच सांगायला हवं. काँक्रीटसाठी कुठलं पाणी वापरावं याचं आमचं मानक आहे, आयएस ४५६. २००० सालची आवृत्ती आम्ही सगळे वापरतो. त्यात पाण्याचा सामू (पीएच) ६ च्या खाली नको, क्षार किती, गढूळपणा किती, सगळं दिलेलं आहे, आणि एक वाक्य असं आहे की पिण्यायोग्य पाणी काँक्रीटला सर्वसाधारणपणे चालतं. म्हणजे माणसाच्या पाण्यावरून काँक्रीटचं पाणी जोखायचं. साइटवर मी काँक्रीटच्या पाण्याचे नमुने किती वेळा प्रयोगशाळेत पाठवले त्याला गणती नाही. कामगार पितात त्या पिंपातला नमुना मी पहिल्यांदा पाठवला तो नोकरीच्या दहाव्या वर्षी. टँकर एकच, त्याचं पाणी क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, तेच आणि प्यायला तेच. पिंपावर झाकण नाही, तांब्या बुडवून घ्यायचा.

त्या दहाव्या वर्षी मी नमुना का पाठवला, तेही लिहायला हवं. पर्वरीच्या बाजूला एक मोठी इमारत चालू होती. तपासणी येणार म्हणून फॉर्म भरायचा होता. पिण्याचं पाणी, होय. प्रथमोपचार, होय. मुलांसाठी जागा, होय. माझ्या हाताने मी तीन ठिकाणी 'होय' लिहिलं. मुलांची जागा म्हणजे सेंट्रिंगच्या टेकूंना बांधलेल्या साडीच्या दोन झोळ्या होत्या. त्याच आठवड्यात दोनेक वर्षांच्या एका पोराने क्युरिंगच्या पिंपातलं पाणी प्यायलं. जुलाब, उलट्या, डोळे खोल गेले. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं, सलाईन लागलं, पोर वाचलं. आईचे सहा दिवसांचे पैसे बुडाले आणि ती माझ्याकडे उचल मागायला आली तेव्हा तिच्या काखेत ते पोर माझ्याकडे बघत होतं. तो फॉर्म पुढे कुठे गेला मला माहीत नाही. माझं अक्षर त्याच्यावर आहे.

पाळणाघराचं कलम १९९६ च्या कायद्यात होतं, पण ५० पेक्षा जास्त बायका कामाला असतील तर. आमच्या छोट्या राज्यात किती साइटांवर ५० बायका एका वेळी असतात? १०-१२ असतात, आणि पोरं ७-८. कायद्याच्या फटीतून ती खाली पडत. १९६९ साली दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू असताना मीरा महादेवन यांनी तिथे धुळीत पडलेली पोरं पाहिली आणि एका तंबूत पाळणाघर सुरू केलं. मजुरांच्या पोरांसाठी साइटवर पाळणाघरं चालवणाऱ्या मोबाइल क्रेशेस या संस्थेची सुरुवात ती. त्यांनी कलमाची वाट पाहिली नाही. पर्वरीच्या त्या पोरानंतर मी माझ्या साइटवर एवढं तरी पाळलं की बायकांपैकी एक, कधी बाळंतीण, कधी पाय दुखणारी, तिला पूर्ण रोज देऊन पोरांपाशी बसवायची. हजेरीपटावर तिचं नाव 'हेल्पर' म्हणून लागायचं, कारण पोरं सांभाळणारीसाठी पटावर रकाना नव्हता.

गोव्यात बांधकाम मजुराला आरोग्य कार्ड काढावं लागतं, मलेरियासाठी रक्त तपासून. त्याची गरज मला मान्य आहे. स्लॅबवर क्युरिंगसाठी साठवलेल्या पाण्यात डास होतात आणि १९८०च्या दशकात पणजीने मलेरियाची मोठी साथ पाहिली आहे. पण मला एवढंच खुपतं की त्या माणसाच्या रक्तात आमच्यासाठी काय धोका आहे ते आम्ही तो आल्या आल्या बघतो, आणि आमच्या साइटच्या पाण्यात त्याच्यासाठी काय धोका आहे ते बघायला २०२४ साल उजाडावं लागतं. त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीला साष्टीतल्या कुटबणच्या धक्क्यावर ट्रॉलरवरच्या खलाशांमध्ये कॉलरा पसरला, माणसं दगावली. ती माणसं बोटींवरच दाटीवाटीने झोपत होती, पुरेसं स्वच्छ पाणी नाही, पुरेसे संडास नाहीत. बोट हीदेखील तात्पुरती साइटच आहे, फक्त पाण्यावर तरंगणारी. आपण ज्या मासळीबाजारात जाऊन इसवण निवडून घेतो, त्या बाजाराच्या मागच्या टोकाला हे होतं. मी ती बातमी वाचून दोन दिवस नीट जेवू शकले नाही.

सत्तरीतला बंधारा मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पुरा झाला, पावसाच्या तोंडावर. काम संपलं की तात्पुरतं बांधलेलं सगळं काढून जमीन होती तशी करून द्यायची, हेही कायद्यातच होतं. खड्डे मातीने बुजवले, वर दगड रचले. पत्रे ट्रकवर चढत होते. भांडी कंत्राटदार पुढच्या साइटला नेणार होता, तेवढं तो माझ्यामुळे शिकला होता. दार उतरवताना आक्का सुताराजवळ येऊन उभी राहिली.

"बाई, तेवढी कडी काडून द्या की."

मी विचारलं, कशाला?

"फुडं सावंतवाडीकडं काम हाय म्हनत्यात. तितं दार आसंल, कडी आसंल का नाय काय म्हाईत."

सुताराने पट्टीसकट कडी काढली. आक्काने पट्टी परत दिली, लाकूड कुठंही मिळतं म्हणाली. चार स्क्रू मोजून घेतले, कडीबरोबर पदराच्या टोकाला गाठ मारून बांधले आणि ट्रकमध्ये जाऊन बसली.